धुराची मात्रा

धान्याला धुराची चव लावणे आणि ती चव धान्याच्या अंगच्या गोडव्यावर चढू न देणे, हे माणसाच्या खाद्यजीवनातील फार जुने कसब आहे, आणि सिंगल माल्ट व्हिस्की या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मद्याची एक मोठी शाखा याच कसबावर उभी आहे. केवळ मोड आणलेल्या जवापासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भांड्यांत गाळलेली आणि ओकच्या पिंपांत मुरवलेली व्हिस्की ती सिंगल माल्ट. अनेक ठिकाणचे माल्ट आणि इतर धान्यांचे मद्य मिसळून तयार होणाऱ्या ब्लेंडेड व्हिस्कीपासून तिचे वेगळेपण या नावाने दाखवले जाते. तिच्या काही प्रकारांत धुराचा मागमूस नसतो, तर काहींत तो इतका दाट असतो की प्रथमच चव घेणाऱ्याला दवाखान्यातील जंतुनाशक आठवते. या दोहोंच्या मध्ये सौम्य, गोडसर आणि किंचित धुरकट अशी एक जात आहे, आणि या मद्याची नव्याने ओळख करून घेणाऱ्याला जाणकार बहुधा तिच्यापासूनच आरंभ करायला सांगतात.

या जातीचा विचार सुरतेतून करणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल, कारण गुजरात हे दारूबंदीचे राज्य आहे आणि सुरतेत परवान्याशिवाय मद्याचा थेंबही बाळगता येत नाही. तरीही या शहराचा या विषयावर तीन बाजूंनी हक्क पोहोचतो. येथील हिवाळ्याचे सर्वांत लाडके खाणे म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले, हलक्या धुराचे कोवळे धान्य आहे. सतराव्या शतकात युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांनी हिंदुस्थानी मद्याशी ओळख करून घेतली ती ज्या मोजक्या ठिकाणी, त्यांत येथील वखार होती. आणि कोणी, किती व कशासाठी प्यावे हा प्रश्न या जिल्ह्यात ज्या तीव्रतेने विचारला गेला तसा फार थोड्या ठिकाणी विचारला गेला असेल. वैद्यकातला मात्रा हा शब्द या तिन्ही गोष्टींना एकत्र बांधतो, आणि सौम्य धुराच्या माल्टचे मर्मही त्याच शब्दात आहे.

आगटीतला दाणा

थंडी पडू लागली की तापीच्या अडाजण बाजूला, सरदार पुलाच्या परिसरात, पोंकाचे मांडव उभे राहतात. पोंक म्हणजे ज्वारीची कोवळी, अजून चिकात असलेली कणसे राखेखालच्या निखाऱ्यांत भाजून काढलेला पोपटी दाणा. आसपासच्या गावांतून कणसांच्या पेंढ्या येतात, त्या गरम राखेत खुपसल्या जातात, आणि थोड्याच वेळात बाहेर काढून कापडात गुंडाळून काठीने बडवल्या जातात, म्हणजे दाणे सुटतात. मग ते पाखडून, कोंडा उडवून, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर आणि ताकाबरोबर खाल्ले जातात. त्याच दाण्यांचे वडे आणि पॅटिस शेजारच्या कढयांत तळले जात असतात, आणि संध्याकाळी नदीकडून येणाऱ्या गार वाऱ्यात तेलाच्या वासाखाली भाजक्या धान्याचा एक हलका धुरकट वास पसरलेला असतो.

मराठी वाचकाला हा पदार्थ हुरडा म्हणून ठाऊक आहे, निखाऱ्याच्या खड्ड्याला तो आगटी म्हणतो, आणि हुरड्याच्या ज्वारीत गूळभेंडीच्या जोडीने ज्या वाणाचे नाव घेतले जाते त्यालाच सुरती म्हणतात, हे नाते लक्षात घेण्यासारखे आहे. आगटी सांभाळणाऱ्याचे सारे कौशल्य वेळेत असते. निखारा उघडा पडून ज्योत लागली तर दाणा करपतो, राख फार थंड असेल तर तो कच्चा व पिठूळ राहतो, आणि कणीस राखेत गरजेपेक्षा जास्त राहिले तर चिकातला गोडवा आटून केवळ कडवट धूर उरतो. धूर दाण्याला चिकटतो तो दाणा ओलसर असेपर्यंतच. एकदा तो सुकला की त्यावर धुराची पकड बसत नाही. कोवळ्या ज्वारीला लागू पडणारा हा नियम मोड आलेल्या जवालाही तसाच लागू पडतो, आणि स्कॉटलंडमधील माल्टघरांचे सारे काम त्यावर चालते.

दक्षिण गुजरातच्या जिभेला धूर परका नाही, याची साक्ष सुरतेबाहेरच्या महामार्गावरही मिळते. नवसारी-वलसाडच्या पट्ट्यात थंडीत रस्त्याकडेला मडकी पालथी घालून त्यांभोवती आग पेटवलेली दिसते. त्यांत पापडी, कंद आणि रताळी रानपाल्यात शिजतात आणि त्याला उंबाडियुं म्हणतात. सुरतेच्या उधना, लिंबायत या भागांत कापडाच्या कारखान्यांवर काम करण्यासाठी येऊन स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांनी आपल्याबरोबर वांग्याचे भरीत आणले, आणि जळगावकडे ते वांगे कापसाच्या वाळक्या काड्यांवर भाजण्याची रीत आहे, ती त्या काड्यांच्या धुरासाठीच. अशा जिभेला सौम्य धुरकट माल्टमध्ये नवखे असे फारसे काही सापडणार नाही. नवखा असतो तो त्यातला मद्यार्काचा चटका.

नाचणीच्या सत्त्वापासून माल्टपर्यंत

माल्ट हा शब्द परका असला तरी त्यामागची क्रिया मराठी स्वयंपाकघरात रुजलेली आहे. तान्ह्या मुलासाठी नाचणीचे सत्त्व करताना घरातली बाई नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते आणि मग दळते; मोड येताना दाण्यातील विकरे म्हणजे एन्झाइम जागी होऊन पिठूळ भागाचे साखरेत रूपांतर करायला सिद्ध होतात, म्हणून ते सत्त्व गोडसर व पचायला हलके लागते. जवाचे, म्हणजे सातूचे, माल्ट असेच बनते. फरक इतकाच की मोड योग्य लांबीचा झाला की त्याची वाढ थांबवण्यासाठी जव भट्टीच्या उष्णतेवर वाळवावे लागते, आणि ती भट्टी कशाने पेटवली यावर पुढच्या मद्यात धूर असेल की नाही हे ठरते.

स्कॉटलंडच्या बेटांवर व ओसाड माळांवर लाकूड कमी आणि पीट मुबलक होते. पीट म्हणजे दलदलीत साचलेले शेवाळ, गवत आणि झुडपे हवेअभावी पुरती न कुजता शतकानुशतके दबून तयार झालेला, कोळसा होण्याच्या वाटेवरचा थर. तो वर्षाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढतो, म्हणून हाताच्या लांबीएवढी कापलेली वीट अनेक शतकांची साठवण असते. ही वीट वाळवून जाळली की ज्योतीपेक्षा धूर अधिक देते, आणि त्या धुरातील फिनॉल वर्गातील संयुगे ओलसर जवाच्या सालीवर बसतात. त्यांतील ग्वायकॉल हे संयुग लाकूड किंवा काड्या जळतानाही निघते आणि शेकोटीची आठवण देते. क्रेसॉल व खुद्द फिनॉल मात्र औषधी वासाचे असतात. एकोणिसाव्या शतकात जोसेफ लिस्टरने शस्त्रक्रियेच्या जखमा निर्जंतुक करण्यासाठी वापरलेले कार्बोलिक ॲसिड म्हणजे हेच फिनॉल, आणि दाट धुराच्या व्हिस्कीत अनेकांना दवाखाना जाणवतो त्याचे कारण येथे आहे.

धुराची ही मात्रा माल्टमधील फिनॉलच्या दशलक्षांश भागांत मोजतात. आयला बेटावरील आर्डबेगचे माल्ट सुमारे ५५ भागांचे, लाफ्रॉइगचे ४० ते ४५ च्या आसपासचे आणि बोमोरचे सुमारे २५ भागांचे असते, तर मुख्य भूमीवरील बेनरोमाखसारख्या डिस्टिलरीत तो आकडा १२ च्या घरात असतो. हे माप कोरड्या माल्टचे असते, बाटलीतल्या मद्याचे नव्हे. माल्ट दळून गरम पाण्यात साखर उतरवताना, आंबवताना आणि गाळताना फिनॉलचा मोठा भाग मागे राहतो, आणि उरलेला पुढे पिंपात वर्षानुवर्षे हळूहळू विरतो, म्हणून एकाच माल्टची दहा वर्षे मुरलेली व्हिस्की पंचवीस वर्षे मुरलेलीपेक्षा अधिक धुरकट लागते.

गाळणीच्या वेळी कारागिराच्या हातात आणखी एक निर्णय असतो, आणि तो समजायला मराठीतला पहिल्या धारेची हा शब्दप्रयोग पुरेसा आहे. भांड्यातून प्रथम उतरते ती धार जहाल व तीव्र वासाची असते, ती बाजूला काढतात. मधली धार मुरवण्यासाठी राखतात. आणि शेवटची, जड व तेलकट धार पुन्हा भांड्यात परततात. धुराची संयुगे जड असल्याने ती मधल्या धारेच्या उत्तरार्धात अधिकाधिक येऊ लागतात. कारागिराने मधली धार लवकर तोडली तर फळांचा आणि मधाचा गंध पुढे राहतो, उशिरा तोडली तर धूर आणि चामड्यासारखा जडपणा वाढतो. सौम्य धुराची व्हिस्की म्हणजे थोडा पीट वापरून आणि धार वेळेवर तोडून साधलेला तोल, आणि आगटीतून कणीस वेळेवर काढणाऱ्या हाताशी या हाताचे नाते उघड आहे.

दोन भारतीय उत्तरे

भारतात दीर्घकाळ व्हिस्की या नावाने विकले जाणारे बहुतेक मद्य उसाच्या मळीपासून काढलेल्या गंधहीन मद्यार्कात थोडे माल्ट आणि स्वाद मिसळून बनत आले, आणि युरोपात त्याला व्हिस्की म्हणायलाच मनाई आहे. या पार्श्वभूमीवर निव्वळ माल्टची व्हिस्की जगापुढे ठेवण्याचे धाडस प्रथम बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने केले. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली ही संस्था पुढे त्यांचे पुत्र नीलकंठ राव जगदाळे यांनी चालवली. मराठी वाचकाला ओळखीच्या आडनावाच्या या कुटुंबाने २००४ च्या ऑगस्टमध्ये आपली सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात बाजारात आणली. व्हिस्कीच्या मायभूमीतच आपली पारख करून घेण्याचा हा निर्णय होता, आणि पहिली काही वर्षे त्याचे फळ फार धिमेपणाने मिळाले.

त्या प्रयत्नाला वळण लागले ते हलक्या धुराच्या एका मिश्रणाने. अमृत फ्यूजन या नावाने २००९ मध्ये आलेल्या व्हिस्कीत तीन भाग धूर न लावलेले भारतीय जव आणि एक भाग पीटच्या धुरात वाळवलेले स्कॉटिश जव वापरलेले असते. दोन्हींचे मद्य वेगवेगळे गाळून, वेगवेगळे मुरवून, मग एकत्र करून पुन्हा काही महिने पिंपात ठेवतात. जिम मरे या इंग्रज समीक्षकाने आपल्या २०१० च्या वार्षिक ग्रंथात तिला शंभरपैकी ९७ गुण देऊन त्या वर्षीच्या जगातील तिसऱ्या क्रमांकाची व्हिस्की ठरवले, आणि भारतीय माल्ट हा विषय त्यानंतर कोणी हसण्यावारी नेला नाही. एकास तीन हे प्रमाण येथे महत्त्वाचे आहे: धूर भारतीय जवाच्या गोडव्याला झाकत नाही, तो मागे राहून त्याला खोली देतो.

दुसरे उत्तर गोव्यातून आले. पॉल जॉन यांनी १९९२ मध्ये उभारलेल्या जॉन डिस्टिलरीजने दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे माल्ट गाळण्यास आरंभ केला आणि २०१२ पासून पॉल जॉन या नावाने सिंगल माल्ट प्रथम ब्रिटनमध्ये विक्रीस ठेवली. तिच्या तीन मूळ रूपांची मांडणी नवख्याला शिकवण्यासाठीच केल्यासारखी वाटते. ब्रिलियन्समध्ये धूर नसतो, बोल्डमध्ये तो ठळक असतो, आणि या दोहोंमधल्या एडिटेडमध्ये धूर न लावलेल्या माल्टबरोबर पीटच्या धुराच्या माल्टचा थोडा अंश असतो. ही तिन्ही ४६ टक्के मद्यार्काची असतात, त्यामुळे एकीनंतर दुसरी चाखणाऱ्याला बदलतो तो केवळ धूर, हे जिभेवर स्पष्ट कळते. एडिटेडमध्ये आधी मध आणि कोकोसारखा गोडसरपणा येतो आणि धूर शेवटी, घोट गिळल्यानंतर, विझलेल्या चुलीजवळून गेल्यासारखा क्षणभर जाणवतो.

या दोन्ही ठिकाणी हवामानाचा वाटा मोठा आहे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दर वर्षी सुमारे दोन टक्के मद्य हवेत उडून जाते, ज्याला तेथे देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्याच्या दमट उष्णतेत हा वाटा आठ टक्क्यांच्या आसपास आणि बंगळूरच्या कोरड्या पठारावर दहा टक्क्यांच्याही वर जातो. तीच उष्णता मद्याला ओकच्या लाकडात खोलवर ढकलते आणि बाहेर ओढते, त्यामुळे स्कॉटलंडात दहा-बारा वर्षांत मिळणारा व्हॅनिलाचा व मधाचा स्वाद येथे चार-पाच वर्षांत उतरतो. धूर विरायला पुरेसा काळ मिळण्याआधीच लाकडाचा गोडवा चढलेला असतो, आणि म्हणून भारतीय माल्टमध्ये थोडासा धूरही ताजा राहूनही टोचत नाही. उष्ण प्रदेशाला जे नुकसान म्हणून सोसावे लागते त्यातूनच त्याला हा गुण मिळतो.

वखारीतले पंच

गोव्याचे मद्य आणि सुरत यांचा संबंध मात्र आजचा नाही. इंग्रजांची वखार सुरतेत १६१३ मध्ये स्थिरावली, आणि १६३८ मध्ये तेथे आलेल्या योहान आल्ब्रेख्ट फॉन मांडेलस्लो या जर्मन प्रवाशाने वखारीतील इंग्रज पीत असलेल्या एका पेयाची नोंद केली, ज्यात गाळलेले मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे. हेच ते पंच. त्याचे नाव पाच घटकांवरून पडले असे जॉन फ्रायर या इंग्रजाने त्याच शतकात नोंदले, आणि मराठी माणसाला ती व्युत्पत्ती समजावून सांगावी लागत नाही. वखारीचा पाद्री जॉन ओव्हिंग्टन १६८९ मध्ये सुरतेत होता, आणि त्याच्या प्रवासवर्णनात या पंचासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन प्रकारच्या अराकांची, म्हणजे गाळलेल्या देशी मद्यांची, तुलना येते: बंगालची जहाल आणि माडीपासून केलेली गोव्याची सौम्य. नवख्यासाठी सौम्य काय, हा प्रश्न सुरतेत तीनशे वर्षांपूर्वीही विचारला जात होता, आणि त्याचे उत्तर तेव्हाही गोव्याकडे बोट दाखवत होते.

मात्रा चुकल्याची उदाहरणेही त्याच शतकाने ठेवली आहेत. पायी हिंदुस्थानात पोहोचलेला इंग्रज प्रवासी टॉम कोरियट १६१७ च्या डिसेंबरात सुरतेस आला तेव्हा त्याला अतिसार झालेला होता. देशबांधवांनी प्रेमाने दिलेली युरोपीय वाइन त्याने मागून घेतली, दुखणे बळावले आणि तो येथेच मरण पावला. १६६६ मध्ये सुरतेत आलेल्या थेव्हेनो या फ्रेंच प्रवाशाने येथील एका डच मद्यप्रेमीच्या थडग्याचे वर्णन केले आहे, ज्याच्या माथ्यावर दगडी प्याला होता आणि ज्याच्या भोवती त्याचे देशबांधव जमून मेजवानी करीत. कतारगाम दरवाजाजवळची इंग्रजांची दफनभूमी आजही उभी आहे. शिवाजी महाराजांच्या १६६४ च्या स्वारीत वखार लढवणारा जॉर्ज ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ ख्रिस्तोफर यांची घुमटाची दुमजली कबर तेथे वाहनांच्या गोंगाटात, कबुतरांच्या सोबतीने शांत आहे. तिची भव्यता या व्यापाऱ्यांची श्रीमंती सांगते, आणि आजूबाजूच्या छोट्या थडग्यांची संख्या हे सांगते की परक्या हवेत, परक्या रोगांत आणि परक्या मद्यात तरून जाणारे त्यांच्यात थोडे होते.

मोह, देवी आणि परवाना

वखारीबाहेरच्या सुरत जिल्ह्यात मद्य हा वेगळाच विषय होता. डोंगराकडच्या आदिवासींसाठी मोहाच्या फुलांची दारू आणि किनाऱ्याकडे ताडी-शिंदीची माडी ही जन्म, लग्न आणि देवकार्याचा भाग होती, आणि ती घरोघरी, लहान भांड्यांत, आपल्यापुरती काढली जात असे. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या आबकारी कायद्याने हे घरगुती गाळणे गुन्हा ठरवले, मध्यवर्ती डिस्टिलऱ्यांतून मक्तेदारांमार्फत दारू विकण्याची पद्धत आणली, आणि कर भरून आलेली, अधिक कडक दारू विकत घ्यावी लागल्याने अनेक आदिवासी कुटुंबे दुकानदारांच्या कर्जात आणि मग जमीन गमावण्याच्या फेऱ्यात सापडली. मोजून घ्यायची वस्तू मोजून विकायची वस्तू झाली की मात्रेचा निर्णय पिणाऱ्याच्या हातून सुटतो, हे या जिल्ह्याने प्रत्यक्ष भोगले.

त्याला उत्तर आले ते १९२२ च्या नोव्हेंबरात. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये सुरू होऊन डोंगरातून सुरत जिल्ह्यात पोहोचलेल्या एका देवीच्या संचाराने हजारो आदिवासी गावोगावी एकत्र आले, दारू, ताडी आणि मांस सोडण्याच्या शपथा घेऊ लागले, आणि दारूची दुकाने व ती चालवणारे जमीनदार यांच्यावर बहिष्कार पडला. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने १९८७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात या चळवळीचा सखोल अभ्यास केला असून, ही केवळ धार्मिक लाट नव्हती, आदिवासींनी आपल्या जगण्याची सूत्रे स्वतःच्या हाती घेण्याचा तो प्रयत्न होता, हे त्यातून स्पष्ट होते. गुजरातमधील दारूबंदीला केवळ वरून लादलेला कायदा समजणाऱ्याने हा इतिहास ध्यानात घेतला पाहिजे.

आजच्या बंदीचा पाया १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात आहे. मुंबईतील एका नागरिकाने, बालसरा यांनी, त्याला आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये मद्यार्क असलेल्या औषधांवरील व प्रसाधनांवरील निर्बंधांसारखी काही कलमे रद्द करून कायद्याचा गाभा टिकवला. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा हाच कायदा दोघांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने पुढे तो सैल केला, तरी तेथे पिण्याचा परवाना आजही कागदोपत्री आवश्यक आहे, आणि गुजरातने तो कडक ठेवला. सुरतेच्या रहिवाशाला आरोग्याच्या कारणाने परवाना हवा असल्यास वयाची ४० वर्षे पूर्ण असावी लागतात, वैद्यकीय मंडळापुढे तपासणी होते, आणि मंजुरी मिळाली तर वयाच्या टप्प्यानुसार महिन्याला ठरावीक युनिटे मिळतात, ज्यांतले एक युनिट म्हणजे मद्याची ७५० मिलिलीटरची एक बाटली. राज्याबाहेरच्या पाहुण्यांसाठी तात्पुरते परवाने आहेत, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत मर्यादित सूट दिली गेली. सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या दमणला दारू खुली आहे, पण तेथून पिऊन परतणेही गुजरातच्या हद्दीत गुन्हाच ठरते, आणि वर्षअखेरीस सीमेवरच्या चौक्यांवर श्वासाची तपासणी होते.

बंदीखाली चालणाऱ्या चोरट्या धंद्याचा सर्वांत भयंकर चेहरा म्हणजे लठ्ठा, अर्थात विषारी दारू. २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्यानंतर अशा दारूने मृत्यू ओढवणाऱ्यांसाठी गुजरातने देहदंडापर्यंतच्या शिक्षेची तरतूद केली. येथे गाळण्याच्या शास्त्राविषयीचा, म्हणजे असे विष गाळणीतूनच तयार होते हा गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. धान्य आंबवताना मिथेनॉल हे विष अगदी अल्प प्रमाणात बनते. सामूहिक मृत्यूंच्या मागे बहुधा कारखान्यांसाठीचे मिथेनॉल स्वस्त नशेसाठी मिसळल्याचे आढळते. मरणारे बहुतेक वेळा मजूर असतात, आणि त्यांच्यापाशी निवड नसते.

नवख्याचा पहिला घोट

कायद्याच्या चौकटीत, परवान्याने वा परवानगी असलेल्या राज्यात, सौम्य धुराच्या माल्टशी प्रथमच ओळख करून घेणाऱ्यासाठी रीत साधी आहे. पेला तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असावा, म्हणजे गंध एकवटतो. त्यात दोन-तीन चमचे मद्य पुरे. नाक पेल्यात खुपसू नये, थोडे दूर धरून तोंड किंचित उघडे ठेवून श्वास घ्यावा, म्हणजे मद्यार्काचा झोंबरेपणा आड येत नाही. बर्फ टाळलेला बरा, कारण गारव्याने जीभ बधिर होते आणि गोडवा झाकला जाऊन धूर एकटा पडतो. पाणी मात्र घालावे, थेंबाथेंबाने. बियोर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन या स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने दाखवले की पाणी मिसळून मद्यार्क उतरला की ग्वायकॉलचे रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतात, आणि तेथूनच ते नाकापर्यंत पोहोचतात. चार थेंब पाण्याने शेकोटीचा वास का उघडतो याचे कारण त्यात सापडते.

पहिला घोट लहान असावा आणि तो लगेच गिळू नये, कारण त्याचे काम जिभेला मद्यार्काची ओळख करून देणे एवढेच असते. धान्य, मध आणि शेवटी धूर हे दुसऱ्या घोटात दिसू लागतात. मद्यार्काची पूर्णतः सुरक्षित अशी कोणतीही मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे, तेव्हा चाखणे आणि पिणे यांत फरक राखणे हाच या आवडीचा पहिला नियम ठरतो. चवीच्या अभ्यासाला दोन घोट पुरतात, आणि सुरतेच्या परवानाधारकाला मिळणारी एक बाटली त्या हिशोबाने कितीतरी महिने चालते.

ज्याला परवाना नाही, वय नाही किंवा इच्छाच नाही, त्याच्यासाठीही या कलेचा अर्धा भाग खुला आहे. डिसेंबरच्या एखाद्या संध्याकाळी तापीकाठच्या मांडवात गरम पोंकाची मूठ तोंडात टाकून सावकाश चावली, तर आधी चिकाचा गोडवा येतो, मग धान्याचा हिरवा वास, आणि घास गिळताना, अगदी शेवटी, राखेखालच्या निखाऱ्याचा धूर. कुंकळ्ळीच्या गोदामात पिंपातला नमुना चाखणारा माणूस याच क्रमाची वाट पाहतो. मांडवाच्या मागे, राखेत हात घालून कणीस दाबून पाहणारा मजूर तोवर पुढची पेंढी बाहेर काढत असतो, कारण आणखी थोडा वेळ ती राखेत राहिली असती तर गोडवा आटून धूर वरचढ झाला असता.